ठिपकीचा दाणा आणि गालिच्याची कड

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी.
ठिपकीला मिळाला साखरेचा दाणा. पांढरा पांढरा, तिच्या डोक्यापेक्षा मोठा.
घरी तिची धाकटी बहीण भुकेली होती. ठिपकीने दाणा उचलला आणि निघाली.
तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत होता लाल गालिचा. त्याची कड उसवली होती. दोरे सुटले होते.
एका दोऱ्यात ठिपकीचा पाय अडकला.
धुप्प!
ठिपकी पडली. दाणा उडाला. कडेच्या घडीत जाऊन बसला.
ठिपकी थोडीशी रडली. मग तिने डोळे पुसले.

"गालिचादादा, गालिचादादा, माझा दाणा दे ना."
गालिचा म्हणाला, "कसा देऊ? माझी कड उसवली. हललो तर आणखी उसवेन. सुई शिवेल, तर दाणा देईन."

ठिपकी गेली सुईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
सुई डबीत पडली होती.
"सुईताई, सुईताई, शिव ना.
गालिचा दाणा देईना."
सुई म्हणाली, "कशी शिवू? माझं भोक रिकामं. दोरा येईल, तर शिवेन."

ठिपकी गेली दोऱ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"दोरादादा, दोरादादा, ये ना.
सुई शिवेना,
गालिचा दाणा देईना."
दोरा कण्हत म्हणाला, "कसा येऊ? माझ्यावर माऊ बसली. जाडजूड माऊ. ती हलेल, तर येईन."

ठिपकी गेली माऊकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"माऊताई, माऊताई, हल ना.
दोरा येईना,
सुई शिवेना,
गालिचा दाणा देईना."
माऊ म्हणाली, "कशी हलू? रेवूने माझी शेपटी धरली. घट्ट धरली. रेवू सोडेल, तर हलेन."

ठिपकी गेली रेवूकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
रेवू होती छोटीशी. नुकतीच झोपून उठली होती. गाल अजून लाल लाल.
"रेवूबाळ, रेवूबाळ, सोड ना.
माऊ हलेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
गालिचा दाणा देईना."
रेवू म्हणाली, "नाही सोडणार. मला आत्या पाहिजे. आत्या कडेवर घेईल, तर सोडेन."

ठिपकी गेली आत्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
आत्या जमिनीवर पालथी पडली होती. कपाटाखाली डोकावत होती.
"आत्या, आत्या, ऊठ ना.
रेवू सोडेना,
माऊ हलेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
गालिचा दाणा देईना."
आत्या म्हणाली, "कशी उठू गं? माझ्या कानातल्याची फिरकी पडली. कपाटाखाली गेली. इवलीशी फिरकी. माझा हात आत जात नाही. फिरकी मिळेल, तर उठेन."

आता कुणाला सांगायचं?
ठिपकीने इकडे पाहिलं. ठिपकीने तिकडे पाहिलं. कुणीच उरलं नव्हतं.
"मग मीच जाते," ठिपकी म्हणाली.

ठिपकी शिरली कपाटाखाली. आत अंधार. आत धूळ.
आक् छी! ठिपकी शिंकली.
थोडी पुढे गेली. अजून थोडी पुढे गेली.
कोपऱ्यात काहीतरी चमकलं. फिरकी!
ठिपकीने डोकं लावलं आणि ढकललं.
हुश्श हुश्श, सरक गं फिरकी.
हुश्श हुश्श, सरक गं फिरकी.
फिरकी सरकली. कपाटाखालून बाहेर आली. आत्याच्या बोटाला लागली.

"अगंबाई, ही बघा फिरकी," आत्या म्हणाली. तिने कानातलं नीट घातलं. मग ती खाली वाकली. "शाबास गं ठिपके. दमलीस ना? चल, तुझा दाणा काढू."

मग काय झालं?
आत्या उठली. तिने रेवूला कडेवर घेतलं.
रेवूने शेपटी सोडली.
माऊ हलली. आळस देत दाराकडे गेली.
दोरा आला, सुईच्या भोकात शिरला.
सुई शिवायला लागली.
आत्याने रेवूला शेजारी बसवलं. "तू गालिचा दाबून धर हं."
रेवूने दोन्ही हातांनी दाबला.
सुळकन आत, सुळकन बाहेर.
सुळकन आत, सुळकन बाहेर.
कड शिवली. घडी उलगडली. गालिचा सपाट झाला.
"आता कसं बरं वाटलं," गालिचा म्हणाला. "हा घे तुझा दाणा."

रेवूने खाली वाकून पाहिलं. "आत्या, एवढुस्सा दाणा?"
"आपल्याला एवढुस्सा," आत्या म्हणाली. "तिच्या घरी दोघींचं जेवण आहे."

ठिपकीने दाणा डोक्यावर घेतला. नव्या कडेवरून चालली. पाय कुठेच अडकला नाही.
तुरु तुरु, तुरु तुरु.
घरी धाकटी बहीण दारातच उभी होती. ठिपकीने दाणा खाली ठेवला.
एका बाजूने ठिपकीने चाटला. दुसऱ्या बाजूने बहिणीने चाटला.
गोड गोड, गोड गोड.
दाणा गेला पोटात, हसू आलं ओठात.