पुतळ्याची जागा

प्राध्यापक त्र्यंबक ढोबळे यांनी विद्यापीठात चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि दर जूनला न चुकता एक अर्ज केला: अभ्यासिका संध्याकाळी पाचला बंद होते, ती नऊपर्यंत उघडी ठेवावी. माणूस काटकसरी, त्यामुळे अर्ज जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर. हस्ताक्षर मात्र त्यांच्या पत्नीचं, मालतीबाईंचं, कारण सरांचं अक्षर खुद्द सरांनाही लागत नसे. उत्तर दरवर्षी एकच यायचं, 'विचाराधीन'.

सर गेले. शोकसभेत कुलगुरू पाऊण तास बोलले. पहिल्या रांगेत बसलेल्या मालतीबाईंच्या मनात आलं, एवढं कौतुक ऐकून ह्यांनी नक्की विचारलं असतं, मग अर्जाचं काय झालं?

शेवटी कुलगुरूंनी आवाज चढवला. "ढोबळे सरांचा पूर्णाकृती पुतळा आम्ही उभारणार! बाई, फक्त तुमची संमती हवी."

मालतीबाई उठल्या. "संमती आहे. जागा तेवढी मी सांगेन."

"तुम्ही बोट दाखवाल तिथे!"

शोकसभा आहे हे विसरून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग अभ्यासिकेच्या उंबरठ्यावर उभा करा. बाजूनं मुलांना आत जाता येईल एवढी वाट ठेवा."

कुलगुरू गडबडले. "अहो बाई, पण मग दार लागणार कसं?"

"साहेब," पदर सावरून खाली बसत मालतीबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं ह्यांचा अर्ज तोच तर होता."