चार बोटं वर

फार फार वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे धुक्याचं एक बेट होतं. तिथल्या बंदरात जहाजं रंगवणारा एक चित्रकार राहायचा. जहाजं म्हणजे जहाजांची चित्रं बरं का, नाहीतर तुम्ही लगेच त्याच्या हाती डांबराची बादली द्याल.

तो फक्त जलरंग वापरी. तेलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही, कागदावर पडलं ते पडलं. पांढरं शीड हवं असेल, तर तेवढा कागद आधीपासून कोरा सोडावा लागतो. पण त्याचा हात इतका खरा, की एकदा एका म्हाताऱ्या खलाशाने नुसतं चित्र पाहून मागच्या डोलकाठीचा दोर ढिला असल्याचं सांगितलं. जाऊन पाहिलं, तर दोर खरोखर ढिला निघाला.

त्या बंदराचा एक नियम होता. प्रत्येक जहाजाच्या पोटावर काळा पट्टा असे. पट्टा पाण्याच्या वर राहिला, तर भार बेताचा. पट्टा बुडाला, तर माल उतरवायचा आणि मगच निघायचं. पण लाटांमुळे तो क्षणात दिसे, क्षणात बुडे. तो खरा कुठे आहे हे कळायला तास न् तास बसून पाहावं लागे. बंदराचा अधिकारी थकला, टेकडीवरच्या कचेरीतून ऐंशी पायऱ्या उतरणं त्याला होईना. तेव्हा तो चित्रकाराला म्हणाला, "आता तुझे डोळे तेच माझे डोळे. जसं दिसेल तसं काढून आण. ते पाहून मी परवानगी देत जाईन."

परवानगी मिळाली, की ते चित्र कप्तानाच्या घरी भिंतीवर लागे. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

चित्रकाराला एकच मुलगी. आईविना वाढवलेली, त्यामुळे त्याचा जीव की प्राण. तिचा नवरा खलाशी होता, आणि त्या वर्षी तो पहिल्यांदाच कप्तान झाला. जावयाच्या जहाजाचं चित्र काढायचं म्हणून सासरेबुवा नवा कुंचला घेऊन भल्या सकाळी धक्क्यावर जाऊन बसले.

जहाज लोकरीने आणि लोखंडाने गच्च भरलं होतं. दुपारपर्यंत पाहिल्यावर चित्रकाराची खात्री झाली, की पट्टा पाण्याखालीच आहे. पण त्याला खटकलं ते वेगळंच. एवढं देखणं जहाज, आणि डबक्यातल्या म्हशीसारखं बसलेलं! हे का लेकीच्या भिंतीवर लावायचं? त्याने कागदावर जहाज चार बोटं वर उचललं. पट्टा पाण्यावर आला, आणि चित्र असं उतरलं की त्याची त्यालाच दृष्ट लागावी.

रंग वाळला तशी मनाला टोचणी लागली. पायऱ्या चढताना त्याने ठरवलं, की अधिकाऱ्याला सगळं सांगून टाकायचं. पण चित्र पाहताच म्हातारा हरखला. आजवरच्या साऱ्या चित्रांत हेच सरस, असं म्हणाला. कौतुक कुणाला कडू लागतं? चित्रकार नुसता हसला आणि गप्प राहिला. परवानगीचा शिक्का बसला.

जहाज निघालं, आणि तिसऱ्या दिवशी वारा उठला. लाटा जहाजावर चढल्या. जड झालेलं जहाज खाली गेलं ते पुन्हा वर आलंच नाही. कोळ्यांना एक फळी तेवढी सापडली. एकोणीस माणसं गेली.

चित्रकार लेकीकडे गेला, तेव्हा ती त्या चित्रासमोर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

ती म्हणाली, "बाबा, त्यांना भार जास्त वाटत होता. मी म्हटलं, मग थोडा उतरवा. तर म्हणाले, तुझ्या बाबांनी पट्टा वर दाखवलाय. त्यांची नजर माझ्यापेक्षा खरी."



मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला पट्टा कुठे दिसला होता?"

"पाण्याखाली," तो म्हणाला.

त्याने चित्र भिंतीवरून काढलं, फडकं ओलं केलं आणि तो पट्टा पुसायला लागला. कागदाचा भुगा सुटायला लागला, पण जहाज होतं तिथेच राहिलं, चार बोटं वर.

त्यानंतर म्हातारा अधिकारी खुर्चीत बसून, चार माणसांच्या खांद्यांवरून रोज धक्क्यावर उतरू लागला. चित्राच्या भरवशावर त्याने पुन्हा कधी शिक्का मारला नाही. चित्रकार मरेपर्यंत समुद्र रंगवत राहिला. पाणी, ढग, पक्षी सगळं असे, आणि मधोमध जहाजाच्या आकाराचा कोरा कागद. कुणी विचारलं तर तो म्हणे, की जहाज रंगवायचा हक्क मी घालवला. लेक त्याला दुपारची भाकरी धक्क्यावर आणून देई. शेजारी ठेवून निघून जाई. त्याच्या कागदाकडे मात्र तिने पुन्हा कधी पाहिलं नाही.

म्हणून सांगतो, ज्याच्या नजरेवर दुसऱ्यांचे जीव विसंबलेले असतात, त्याने मायेपोटीसुद्धा चार बोटांचं खोटं दाखवू नये.