भिवराची काळोखी

फार वर्षांपूर्वी, भीमेकाठच्या या काळ्या रानात भिवरा नावाची सुईण होऊन गेली. गावातली झाडून सगळी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. दिवसा लोकांच्या रानात खुरपायचं आणि रात्री कुणाची हाक आली की उठून चालू लागायचं, यातच तिचा जन्म सरला. बिचारी उभ्या उभ्या भिंतीला टेकून डुलकी काढायची, असं म्हणतात.

एका साली रानडुकरांनी शाळूचं सगळं पीक फस्त केलं. दुसऱ्या साली मल्हारतात्यानं, म्हणजे गावच्या कारभाऱ्यानं, फर्मान काढलं की रात्रभर शिवारात टेंभे जळाले पाहिजेत. मग काय, रात्रीचा दिवस झाला. डुकरं पळाली आणि शाळू डोक्यावरून वाढला, हिरवागार. पण निसवायची वेळ आली नि गेली, तरी कणीस काही दिसेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! कणग्या तर आधीच रिकाम्या होत्या. त्याही साली दाणा आला नसता तर गाव देशोधडीला लागलं असतं.

शेवटी लोकांनी भिवरालाच बोलावलं. अडलेल्या बाईला सोडवते, मग पिकाला का नाही? ती पाय ओढत शिवारभर हिंडली, धाटं चाचपत राहिली. देवळाच्या भिंतीमागं टेंभ्यांचा उजेड पोचत नव्हता. तिथल्या चार धाटांना मात्र कणसं आली होती. भिवरा तिथंच मटकन बसली.

"तात्या, इझवा समदं," ती म्हणाली. "रात मोठी झाली की पिकाला आतून कळतं, आता निसवायचं. तुमी त्येला रातच दिली न्हाई."

"आन् डुकरं?"

"मी बसते राखणीला. येरवी तरी मला कोण निजू देतंय?"

टेंभे विझले. भिवरा रोज अंधारात डबा बडवत, हाळ्या देत बांधाबांधानं फिरायची. पुनवेला चंद्रानं ढगाचा पदर तोंडावर ओढून घेतला, असं म्हणतात. डुकरं तिचा आवाज ऐकून गुडघे टेकायची, असंही म्हणतात. डुकरांचं मला ठाऊक नाही, पण तिचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता, एवढं खरं.

आणि एका सकाळी सगळं शिवार निसवलं! लोक धावत सुटले. भिवरा सरीत आडवी झाली होती. तिला अशी झोपलेली कुणीच कधी पाहिलं नव्हतं. तात्या हाक मारायला वाकला, तर त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला. पण भिवरा नंतरही उठली नाही. राहिलेली राखण गावानं पाळीपाळीनं केली, अंधारातच.

आता शिवारापर्यंत विजेचे खांब आले आहेत. तरी शाळू गुडघ्याला लागला की निसवेपर्यंत गाव बाहेरचे दिवे मालवतं. याला भिवराची काळोखी म्हणतात. त्या दिवसांत निजलेल्या बाईला हाक मारायची नाही. चूल पुरुषांनी पेटवायची आणि भाकरी करपली तरी मुकाट्यानं खायची. एखादी सासू चुकून सुनेला उठवायला गेलीच, तर शेजारीण भिंतीपलीकडून दटावते, "निजू दे तिला. आपण भिवराला निजू दिलं न्हवतं."