राजाची पांढरीशुभ्र पाकशाळा

“नव्या पाकशाळेत काजळीचा एक ठिपका जरी दिसला, तरी तो पाडणाऱ्याच्या तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढीन! मग तो कोणीही असो!”

कुंतलगडच्या राजा रत्नपालाने भर दरबारात असं फर्मावलं आणि धोंडभट आचाऱ्याला उभ्या जागी घाम फुटला.

ही पाकशाळा राजाने स्वतःच्या डोक्याने बांधली होती. सगळी अडचण तिथेच होती! जमीन संगमरवराची, भिंती संगमरवराच्या. चूलसुद्धा संगमरवराची आणि तिला सोन्याचा मुलामा. छतावर निळे मोर रंगवलेले. उन्हाने मोरांचा रंग उडेल म्हणून खिडकी ठेवली नव्हती. छताला भोक पाडलं तर एखाद्या मोराची मान जाईल म्हणून धुराडं नव्हतं. मोरी दिसायला वाईट, म्हणून मोरीही नव्हती. मिठापासून हिंगापर्यंत सगळं एकसारख्या चांदीच्या डब्यांत, आणि डबे इतक्या उंच फळीवर, की तिथे फक्त हत्तीची सोंड पोहोचावी!

“महाराज,” धोंडभट हात जोडून म्हणाले, “चूल पेटली की धूर होणारच.”

“होऊ दे. दिसता कामा नये!”

“पण मग तो जाईल कुठे?”

“ते आचाऱ्याने बघायचं! परवा पाडवा. शेजारचे राजे पंगतीला येतायत. ते सारखी आपापल्या पाकशाळांची फुशारकी मारतात. आता माझी बघून त्यांचा घास घशात अडकला पाहिजे!”

धोंडभट घरी आले ते कपाळाला हात लावूनच. त्यांची मुलगी आवडी गहू निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आबा, एखादं गरीब गाढव बघून ठेवू का?”

“कार्टे! बापाची धिंड निघायची वेळ आली आणि तुला थट्टा सुचते?”

“धिंड तुमचीच निघेल असं कोण म्हणालं? उद्या चूल पेटवायचा मुहूर्त आहे, असं महाराजांना कळवा. आणि मला बरोबर न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा, राणी आणि अख्खा दरबार पाकशाळेत जमला. आवडी दुधाचं भांडं घेऊन चुलीपाशी उभी होती. नुसतीच उभी.

“अगं पोरी, पेटव की!” राजा म्हणाला.

“मी कशी पेटवू, महाराज? नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायचं ते घरच्याच माणसाने. चाकराने घातलं, तर लक्ष्मी चाकराच्या घरी जाते म्हणतात. आता माझी काही हरकत नाही, पण—”

“नको, नको!” राजा दचकून पुढे झाला. मग त्याने आशेने राणीकडे पाहिलं.

राणीने शालू सावरला. “पाकशाळा आपली, हौस आपली. आम्ही दारातून बघू.”

झालं! राजा चुलीपुढे फतकल मारून बसला. लाकडं पेटेनात. आवडीने अदबीने फुंकणी पुढे केली. राजाने गाल फुगवून फुंकर घातली आणि धुराचा असा लोट उठला की पहिल्यांदा प्रधानजी पळाले! त्यांच्या मागोमाग सेनापती. बाहेर जायला एकच दार, तेही मंडळींनी अडवलेलं. धूर मोरांपर्यंत चढला आणि तिथेच बसला. इतक्यात दूध उतू गेलं. सोनेरी चुलीवरून ओघळलं, संगमरवरावर पसरलं, आणि वाहून जायला वाट नसल्यामुळे थेट राजाच्या पीतांबरात शिरलं.

राजा खोकत खोकत बाहेर आला. डोळे लाल, मिशा राखाडी, तोंड तव्यासारखं.

“कोणी केलं हे?” तो सवयीने गरजला.

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. आवडी मात्र म्हणाली, “महाराज, मी तो ठिपका शोधत होते. पण सापडेना. अख्खं छतच काळं झालंय!”

धोंडभटांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“म्हणजे? माझीच शिक्षा मला देतेस?”

“छे! महाराजांच्या तोंडाला काळं फासायची माझी काय बिशाद? ते आपलं आपणच फासून घेतलंत. आता फक्त गाढव मागवायचं राहिलंय!”

राणीने मुकाट्याने एक लख्ख चांदीचं ताट राजासमोर धरलं. राजाने त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. त्याचं पोट हलायला लागलं.

“गाढव कशाला मागवायचं?” तो खो खो हसत म्हणाला. “ही पाकशाळा बांधणारा इथेच उभा आहे की!”

मग काय! दरबारानेही हसून घेतलं. धोंडभटांनी एकच डोळा उघडला.

“भटजी, तुम्हाला अभय! आणि पोरी, तू माग. गाव माग, हत्ती माग!”

“भोक द्या, महाराज.”

“काय?”

“छताला भोक. चुलीच्या बरोबर वर, मोराच्या मधोमध.”

“माझ्या मोराच्या?”

“मोराची मान तशीच राहू दे. भोकाभोवती त्याचा पिसारा फुलवून रंगवा. धूर निघून जाईल आणि पाहुण्यांना वाटेल, धुराडंसुद्धा शोभेसाठीच केलंय. पूर्वेला खिडकी काढा, कोपऱ्यात मोरी घाला, आणि डबे माझ्या हाताला येतील इतके खाली आणा.”

“गवंड्यांना बोलवा!” राजा ओरडला. “आजपासून पाकशाळा आवडी म्हणेल तशी! आणि मग मी काय करायचं?”

“आपण जेवायला यायचं, महाराज. तेही बोलावल्यावर!”

राजा इतका हसला की काळ्या गालांवरून पांढरे ओघळ आले. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि आपल्या काजळलेल्या हातांनी आवडीच्या ओंजळीत टाकला.