सैल पिळाचा दोर

फार मागे, आपल्या पणज्यांच्याही आधी, एका उंच माळावर एक गाव होतं. त्या गावात एका सकाळी बातमी उठली, तीही अर्धीच. "दोरवाल्याच्या पोरीनं बापाचा दोर कापला, आणि तो..." एवढं सांगून सांगणारी घरात पळाली, कारण तिचं दूध उतू चाललं होतं. कुंपणाअलीकडच्या शेजारणीनं पुढचं आपलं आपण पुरं केलं. आज विहिरीत उतरायचा दिवस, बाप दोराला बांधलेला, आणि दोर कापलेला. आता राहिलं काय? तिनं डोळ्यांना पदर लावला आणि घरोघर सांगत निघाली.

तिला नावं ठेवू नका. अर्धी बातमी पोटात ठेवणं कुणालाच जमत नाही.

झालं होतं ते असं. गावाला विहीर एकच, आणि ती फार खोल. उन्हाळा लागायच्या आत तिचा गाळ काढायचा, त्यासाठी दरवर्षी नवा दोर वळायचा. आणि गावची रीत अशी, की दोर ज्यानं वळला त्यानंच तो कमरेला बांधून आधी खाली उतरायचं. वळणाराच लटकणार म्हटल्यावर कामात कुचराई कोण करील?

दोर वळायचं काम एका घराकडे होतं. म्हाताऱ्या आजाचे हात थकले, तेव्हा ते मुलाकडे आलं. मुलाला एकच लेक, तानी. लहानपणापासून ती बापाच्या समोर वाख धरून मागे मागे चालत आलेली. वाख म्हणजे अंबाडीचे सोललेले धागे. बाप पीळ भरायचा, आणि ती एकेक पाऊल मागे सरकली की दोर तेवढा लांब व्हायचा.

त्या वर्षी तानीनं पहिल्यांदा स्वतःचा दोर वळला. बापानं तो चिमटीत धरून दाबला आणि हसला. "याला पीळ म्हणतात होय? शेळ्या बांध याला. शेळ्यासुद्धा हसतील."

मग पारावर बसून त्यानं साऱ्यांना ऐकवलं, की आताची पोरं सैल. उठणं सैल, बोलणं सैल, हाताचा पीळसुद्धा सैल. पारावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाच्या घरी एकेक सैल पोर होतंच.

पोरीला खरा दोर दाखवायचा म्हणून बापानं त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त पीळ भरला. भरतच राहिला. दोर काठीसारखा ताठ झाला, आणि जमिनीवर ठेवला की आपोआप वेटोळी घालू लागला. जागोजागी त्याला अढ्या पडल्या, म्हणजे दोर स्वतःभोवतीच मुरडून गाठाळला. तानीनं दोनदा सांगून पाहिलं, की आप्पा, अढी पडली तिथं वाख आतून तुटतो. बाप म्हणाला, दोर वळायला मी तुझ्याकडून शिकायचं का?

विहिरीच्या दिवशी त्यानं दोर कमरेला बांधला आणि काठावर पाय ठेवला. तेव्हा तानी पुढे आली, आणि गवत कापायच्या विळ्यानं तिनं दोर कापला.

बापाचा चेहरा लाल झाला. तुटकं टोक उचलून तो म्हणाला, "बघा रे, कसला दोर वाया घालवला हिनं," आणि दाखवायला म्हणून त्यानं पीळ उलगडला. अढीच्या जागचा वाख त्याच्या तळहातावर भुशासारखा सांडला.

त्यानं कमरेचा उरलेला दोर सोडून टाकला.

आता गावात नवा दोर एकच उरला होता, आणि तो शेळ्यांच्या गोठ्यात होता. तो आणला. बाप म्हणाला, मीच उतरतो. तानीनं मान हलवली. "दोर माझा आहे, आप्पा. रीत तुम्हीच शिकवलीत."

बाप तिच्या आणि विहिरीच्या मधे उभा राहिला. इतक्या वर्षांत स्वतः उतरताना तो कधी भ्याला नव्हता; आज भ्याला. मागं बसलेल्या आजानं त्याला हाक मारली.

"लेका, तुझ्या पहिल्या दोराला मी काय म्हणालो होतो?"

"सैल आहे म्हणालात."

"मग उतरलं कोण?"

"मी."

"आणि वर दोर धरून कोण होतं?"

बापाला उत्तर माहीत होतं. तो तानीजवळ गेला. तिचा दोर त्यानं पुन्हा हातात घेतला, या वेळी न हसता. दोर मऊ होता, पण एकसारखा होता. फक्त टोक उसवत चाललं होतं; ते बांधायचं ती विसरली होती. त्यानं आपल्या मुंडाशाची चिंधी फाडून टोक घट्ट आवळलं. "हे राहिलं होतं," म्हणाला. तानीनं गुमान बांधून घेतलं. मग ती उतरली.

एवढ्यात शेजारीण बायांना घेऊन रडत विहिरीवर पोचली. बघते तर दोरवाला काठावर पाय रोवून उभा, दोर दोन्ही मुठींत, डोळे खाली अंधारात.

"अगं बाई, तुम्ही तर विहिरीत पडला होतात ना?"

"विहिरीत माझी पोर आहे," तो म्हणाला. "जरा हळू रडा, वहिनी. तिची हाक ऐकू यायला हवी."

तानी गाळाची पहिली पाटी भरून वर आली. त्या उन्हाळ्यात गावानं तिच्याच दोरानं पाणी ओढलं. पारावर आताच्या पोरांची गोष्ट निघाली की दोरवाला आपली तंबाखू मळत बसे. शेजारणीनं मात्र आपली बातमी शेवटपर्यंत सोडली नाही. दोर कापला होता की नाही, एवढंच ती विचारायची. आणि तेवढं खरंच होतं.

तात्पर्य: मुलांच्या दोराचा पीळ मुलांना भरू द्यावा, थोरांनी वरचं टोक धरून ठेवावं.