वाळवीचा दाखला

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलातले प्राणी साळुंकीबाईंकडे इंग्रजी शिकत होते आणि नोकरीचे अर्जही इंग्रजीतच करत होते.

व्याकरणाचं पुस्तक जंगलात एकच होतं. कोण कसं आहे हे सांगणारी विशेषणं सगळ्यांनी हौसेने पाठ केली. काम कसं होतं हे सांगणारी क्रियाविशेषणं पुढच्या धड्यात होती. "ती परीक्षेला नाहीत," असं म्हणून बाईंनी तो धडा पुढच्या वर्षावर टाकला.

मग पुस्तक सांभाळायला ग्रंथपाल हवा असं ठरलं. वाळवीचा अर्ज आला. मुख्याध्यापक अस्वलसरांनी तो मोठ्याने वाचला, "कष्टाळू. शिस्तप्रिय. मितभाषी." चौकशी केली तर तिन्ही शब्द खरे निघाले.

खारीने हात वर केला. "सर, पण ही काम कसं करते?"

"पोर्शनच्या बाहेरचं विचारू नकोस," सर म्हणाले आणि वाळवी त्याच दिवशी रुजू झाली.

वर्षभर तिने एकही रजा घेतली नाही. पुढच्या वर्षी राहिलेला धडा घ्यायला बाईंनी पुस्तक उघडलं, तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नुसती माती होती.

"हे काय केलंस?" सर ओरडले.

"काम," वाळवी म्हणाली. "मी आतूनच करते."

तिला तडकाफडकी काढून टाकलं. जाताना तिने शेजारच्या जंगलासाठी दाखला मागितला. सरांनी रागारागाने लिहिलं, "कष्टाळू. शिस्तप्रिय. मितभाषी."

त्यांना तेवढंच इंग्रजी येत होतं.