इनासबाबाच्या विहिरीचं पहिलं पाणी

नवरा बोटीवर होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं, तेव्हा मी नवस बोलले होते, तो सुखरूप आला तर इनासबाबाच्या विहिरीवर बारा मेणबत्त्या लावीन. सासूबाई म्हणाल्या, "मेणबत्त्या कशाला गं? इनासबाबा काय अंधारात बसलाय? आधी त्याची गोष्ट ऐक." ऐकली, आणि नवस बदलून मी अकरा वर्षं न बोललेल्या जावेच्या दारात गेले.

फार फार वर्षं झाली. आमचं नांदरखाड समुद्राला लागून, जिथे खणावं तिथे खारं पाणी. गोड्या पाण्यासाठी बाया दीड कोस चालायच्या. इनास विहिरी खणायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण येशूची शुभवार्ता तोंडपाठ. दगड फोडताना मोठ्याने सांगायचा. असं म्हणतात, त्याच्या सहा विहिरी खाऱ्या निघाल्या. सातवीला गोडा झरा लागला.

नव्या विहिरीची पहिली घागर मुकादमाच्या सुनेने ओढायची, ही रीत. सून रुफिना नटूनथटून उभी होती. इनासने दोर दिला तो मोनकाच्या हातात. मोनका महारोगी, बोटं झडलेली, खाजणाच्या दलदलीत एकटी राहायची. लोक लांबून तिच्या करवंटीत पाणी ओतायचे.

लोक चटकन मागे सरले. मुकादम म्हणाला, "इनास, शुद्धीवर आहेस ना?"

"आहे, मुकादम. येशू विहिरीवर तहानलेला बसला होता. जिच्या हातचं त्याचे लोक पीत नव्हते, त्या बाईकडेच त्याने पाणी मागितलं. आणि हा ख्रिस्त आहे, असं गावभर सांगत सुटली तीच. मी त्याचा माणूस. दुसऱ्या कुणाकडे मागू?" असं म्हणून तिने ओढलेलं पाणी तो मोनकाच्या ओंजळीतून प्याला.

मुकादम ओरडला, "विहीर बाटली. बुजवा ती."

इनास दोर धरून खाली उतरला. आतून म्हणाला, "बुजवा. मी इथेच आहे."

सांगताना जीभ रेटत नाही, पण गावाने खरंच वाळूच्या टोपल्या उचलल्या. रविवारी मिस्साला त्याच्या शेजारी गुडघे टेकणारी माणसं ती. खालून तो तीच विहिरीवरची गोष्ट सांगत राहिला. मग आवाज थांबला.

असं म्हणतात, प्रत्येक टोपलीमागे पाणी हातभर वर चढलं. काठाला लागलं, तेव्हा त्यावर इनास तरंगत होता. डोळे उघडून म्हणाला, "संपल्या टोपल्या?"

रुफिनाच्या हातची टोपली गळून पडली. ती मोनकासमोर बसली आणि तिच्या ओंजळीतलं पाणी प्याली. पाणी शहाळ्यासारखं गोड होतं. मग सासराही पुढे आला. त्यानेही त्याच ओंजळीला तोंड लावलं.

अजून इस्टरनंतरच्या रविवारी गाव त्या विहिरीवर जमतं. ज्याच्या हातचं कुणी पीत नाही, त्यालाच पहिली घागर ओढायला बोलावतात. गेल्या साली तुरुंगातून सुटलेला एक जण होता. भांडं कुणी आणत नाही, सगळे त्याच्या ओंजळीतून पितात.

तुम्हीही कुणाच्या तरी दारावरून तोंड फिरवून जात असाल. नवस बोलायचाच, तर त्या दारात जायचा बोला. पाणी मागा, आणि त्यांच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्या.